यादी, रांग, ट्रॉली आणि बोट : चारकोपातून पाहिलेला किराणा खरेदीचा इतिहास

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. विषय साधा वाटेल, पण साधा नाही.

मागच्या एकादशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या एक काकू, सत्तरी कधीच ओलांडलेली, दारात मोबाइल घेऊन उभ्या. "अरे, जरा बघतोस का? पोराने हे किराण्याचं ॲप टाकून दिलंय, पण मला वरी सापडत नाहीये."

मी बघितलं. मराठीत "वरी" टाकलं, काही नाही. इंग्रजी अक्षरांत टाकलं तर भलत्याच वस्तू आल्या. "भगर" टाकलं, पुन्हा काही नाही. शेवटी शेजारच्या गुजराती भाभींनी सांगितलं की "सामा" टाका. ते टाकलं आणि वरी निघाली. पाकिटावरचा फोटो पाहून काकू म्हणाल्या, "अगंबाई, हीच की!" मग राजगिऱ्याचं पीठ, साबुदाणा, शेंगदाणे. सामान दोनशेच्या आतलं. पैसे भरायच्या पानावर गेलो तर बिलात तीन ओळी जास्त. घरपोच आणण्याचे, सामान हाताळण्याचे, ऑर्डर लहान म्हणून आणखी थोडे. खाली आणणाऱ्या मुलाला बक्षिसी आधीच निवडून ठेवलेली. ती काढायची कुठून, हे शोधेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. पुन्हा पहिल्यापासून.

काकू म्हणाल्या, "जाऊ दे. मला येत नाही रे हे."

खरं तर त्या दुसरं काही म्हणाल्या असत्या. "जाऊ दे, कोपऱ्यावरच्या शेठकडनं आणते." पण कोपऱ्यावरचं दुकान गेल्या वर्षी बंद झालं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. "मला येत नाही." जी बाई चाळीस वर्षं एका पगारात पाच माणसांचं घर चालवत होती, जिला डाळीचा दाणा चिमटीत धरून जुनी की नवी ते कळतं, ती म्हणते मला येत नाही. आणि आपण सगळे मान डोलावतो, की हो, वय झालं. कुणी असं म्हणत नाही की दुकानालाच विकता येत नाहीये.

म्हणून थोडं मागे जाऊन बघावंसं वाटलं. किराणा आणायची पद्धत आपल्याकडे कितीदा बदलली, आणि प्रत्येक वेळी "मला येत नाही" असं कोणाला म्हणावं लागलं?

वाणी आणि यादी

आपल्या आज्यांच्या काळातलं दुकान आठवा. गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे, माल पलीकडे. तुम्ही फक्त बोलायचं किंवा यादी द्यायची. वस्तू कुठल्या डब्यात आहे, हे माहीत असणं वाण्याचं काम. तुम्ही "तूर" म्हणा, "तुरीची डाळ" म्हणा, भाभी "तुवेर" म्हणोत, भय्या "अरहर" म्हणोत, वाण्याला एकच डबा उघडायचा असतो हे कळायचं. आजच्या भाषेत ते सगळ्यात हुशार सर्च इंजिन होतं. यादीत "गूळ" लिहून पुढे काहीच लिहिलं नसेल, तरी तो विचारायचा, "नेहमीचा एक किलो ना?" पोळ्याला, गणपतीला, दिवाळीला तुमच्या घरी काय जास्त लागतं ते त्याच्या डोक्यात असायचं.

चूक झाली तर? दारातून परत जायचं. "शेठ, रवा जाड दिलात, बारीक सांगितला होता." दोन मिनिटांत बदलून.

पण गोडवे गाताना थांबूया. त्याच वाण्याच्या तराजूत दांडी मारली जायची. डाळीत खडे असायचे, तेलात भेसळ असायची. उधारीच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता न येणाऱ्यांचं काय झालं, हे जुन्या माणसांना विचारा. आणि बायकांना लागणारी एखादी वस्तू मागायची तर दुकानात चार पुरुष उभे. मग ते कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून. ज्या मुलीला आज हे सगळं कोणाच्या नजरेला नजर न देता मोबाइलवर मागवता येतं, तिला वाण्याच्या दुकानाबद्दल माझ्याइतकं हळवं वाटायचं कारण नाही.

मापं बदलली तेव्हा

एक मोठा बदल आपण साफ विसरलोय. शेर, मापटं, चिपटं, अधोली, पायली ही आपली मापं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला. त्याच्या आदल्या वर्षी, १९५७ च्या एप्रिलमध्ये, आणे जाऊन नवे पैसे आले होते. म्हणजे दीड वर्षाच्या आत नाणं आणि वजन दोन्ही बदललं. ज्या देशात बहुसंख्य लोक निरक्षर होते, त्या देशात!

तरी ते जमलं. कारण बदल एका रात्रीत लादला नाही. जुनी-नवी मापं काही काळ शेजारी शेजारी चालली. रूपांतराचे तक्ते निघाले. आजही माझी आई "पाव किलो" म्हणते, तेव्हा त्यातला "पाव" शेराच्या काळातला असतो आणि "किलो" नव्या काळातला. लोकांनी नवी पद्धत स्वीकारली, कारण तिच्यात जुन्या शब्दाला जागा ठेवली होती.

आता सांगा, आपल्या मोबाइलवरचं ॲप एका रात्रीत बदलतं, काल डावीकडे असलेलं बटण आज खाली जातं, तेव्हा कोणी तक्ता देतं का?

रांग

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग आलं. रेशनकार्ड म्हणजे सामान्य माणसाच्या हातात आलेला किराण्याचा पहिला सरकारी "लॉगिन". नाव, पत्ता, घरातली माणसं, दुकान ठरलेलं. इथे ओझं गिऱ्हाइकावर आलं. माल कधी येणार हे त्याने शोधायचं, रांगेत त्याने उभं राहायचं, "उद्या या" त्याने ऐकायचं. पण त्यात एक मोठी गोष्ट होती : तो हक्क होता. दुकानदार गोड बोलला नाही तरी धान्य तुमचं होतं.

पुढे रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. काळाबाजार रोखायला आलं, हेतू चांगला. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या हातांच्या रेषाच पुसलेल्या. मशीन म्हणतं, अंगठा जुळत नाही. आणि बाई म्हणते, "माझाच हात खराब झालाय." बघा, पुन्हा तेच वाक्य, वेगळ्या शब्दांत.

जेव्हा फॉर्म गिऱ्हाइकांनीच बनवला

आता या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

१९४८ साली नायगावात, गिरणगावात, कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचं ग्राहक भांडार काढलं. तेच पुढे "अपना बाजार". आमच्या चारकोपात गिरणगावातून आलेली कितीतरी घरं आहेत, त्यांना नायगावचं अपना बाजार म्हणजे काय ते सांगायला नको. दुकान आपलं, सभासद आपण, तक्रार करायची तर सर्वसाधारण सभेत उभं राहून.

मग १९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतरची महागाई. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. गोरेगाव आपल्यापासून चार स्टेशनांच्या आत, तिथून हे सगळं उभं राहत होतं. त्याच काळात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक चळवळ उभी केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली.

पंचायतीची वितरण पद्धत नव्या पिढीने समजून घेण्यासारखी आहे. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. महिन्याला वस्तूंची छापील यादी यायची, त्यात प्रत्येकाने आपली मागणी भरायची. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून थेट मोठ्या प्रमाणावर खरेदी. माल एका सभासदाच्या घरी उतरायचा आणि तिथे बसून बायका-पुरुष आपापसांत वाटून घ्यायचे.

मला ही पद्धत म्हणजे कागदावरचं किराणा ॲपच वाटतं. वस्तूंची यादी आहे, कार्ट आहे, ऑर्डर आहे, घराजवळ पोच आहे. फरक काय? वस्तूची नावं गिऱ्हाइकाच्या भाषेत. एकूण किती झाले ते आधी स्वतः बेरीज करून कळायचं. घाई नाही, कुठलं घड्याळ उलटं पळत नाही. एखाद्या आजीला फॉर्म भरता आला नाही तर शेजारीण भरून द्यायची आणि त्यात लाज नव्हती, कारण वाटपाला सगळे एकत्रच बसणार होते. तोटाही होता. महिन्यातून एकदाच, आणि स्वतः राबावं लागायचं. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात हे जमणं कठीण होत गेलं. हे मान्य.

चारकोप स्वतः एक धडा आहे

इथे जरा आपल्याच पायाखाली बघू. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात चारकोप, गोराई, मालवणी इथे म्हाडाने प्लॉट पाडले. रस्ता, पाणी, गटार सरकारचं. घर मात्र ज्याचं त्याने, जमेल तसं, जमेल तेव्हा बांधायचं. छोटे छोटे प्लॉट, मधे अंगण, सहकारी सोसायट्या. त्या काळात अनेक तज्ज्ञांनी अशा योजनांवर नाकं मुरडली. पण २०१८ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मुंबई आणि चेन्नईतल्या अशा वसाहतींचा वीस वर्षांनंतरचा अभ्यास आला, आणि त्याचा सूर असा की ज्याला आपण अपयश समजलो ते यश होतं.

यश का? कारण आराखड्यात माणसासाठी जागा ठेवली होती. कोणी वर मजला चढवला, कोणी खाली गाळा काढला. त्या गाळ्यात किराणा, शिलाई, पिठाची गिरणी आली. आमच्या कोपऱ्यावरच्या शेठचं दुकान असंच घराखालच्या गाळ्यात होतं. राहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे वस्ती वाकली. चांगल्या आराखड्याची खूण हीच असते, की तो वापरणाऱ्याला चूक ठरवत नाही.

ट्रॉली

फळीच्या पलीकडचा माल गिऱ्हाइकाने स्वतः उचलायचा ही कल्पना अमेरिकेतली. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी "पिगली विगली" नावाचं दुकान काढलं. त्यातून दुकानदाराचं बरंचसं काम, म्हणजे शोधणं, उचलणं, वाहून नेणं, गिऱ्हाइकाकडे आलं, आणि त्या बदल्यात भाव कमी झाले.

१९३७ साली ओक्लाहोमात सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ट्रॉली आणली. लोकांनी हात लावला नाही! पुरुषांना वाटायचं, मी काय एवढा दुबळा आहे? बायका म्हणायच्या, बाबागाड्या ढकलून झाल्यात आमच्या. गोल्डमन यांनी लोकांना अडाणी म्हटलं नाही. त्यांनी काही माणसं पगारावर ठेवली आणि दुकानात नुसती ट्रॉली ढकलत फिरायला लावली. बघून बघून बाकीचे शिकले. अडचण दुकानाची, उपायही दुकानानेच केला.

आपल्याकडे ही ट्रॉली खऱ्या अर्थाने घराघरात पोचवली डीमार्टने. यातला एक धागा गमतीचा आहे. राधाकिशन दमानी यांनी डीमार्ट काढायच्या आधी, १९९९ च्या सुमारास, नेरुळमध्ये अपना बाजारचीच एक शाखा चालवायला घेतली होती. ते गणित त्यांना पटलं नाही. मग २००२ साली पवईत पहिलं डीमार्ट. म्हणजे कामगारांच्या सहकारी भांडाराच्या अनुभवातून आजचं सगळ्यात चालणारं दुकान निघालं. भाव राहिला, सभासद गेला.

तरी डीमार्टमध्ये आमच्या काकूंना "येत" होतं. डाळ दिसते, पाकीट हातात घेता येतं, मागची किंमत वाचता येते, न पटलं तर परत ठेवता येतं. याकोब नील्सन नावाच्या अभ्यासकाने १९९४ साली संगणकावरच्या सोयीचे दहा नियम मांडले, ते आजही शिकवले जातात. त्यातले तीन आपल्या भाषेत सांगतो. एक, यंत्राने माणसाची रोजची भाषा बोलावी. दोन, आठवून टाइप करायला लावण्यापेक्षा समोर दाखवून ओळखू द्यावं. तीन, चुकून आत शिरलेल्याला बाहेर पडायचं दार स्पष्ट दिसावं. आता काकूंची वरी आठवा. तिन्ही नियम तिथेच मोडले होते.

बोट

आणि आता ॲप. बिगबास्केट २०११ चं, ग्रोफर्स २०१३ चं. ग्रोफर्सचं २०२१ च्या डिसेंबरात ब्लिंकिट झालं. झेप्टोची सुरुवात तर आपल्या मुंबईतलीच : २०२० च्या लॉकडाउनमध्ये दोन तरुणांनी "किराणाकार्ट" नावाने शेजारच्या किराणा दुकानांतला माल घरी पोचवायला सुरुवात केली. पुढे स्वतःची गोदामं झाली आणि मधला दुकानदार बाजूला पडला.

पण ऑनलाइन किराण्याचं पहिलं गिऱ्हाईक कोण होतं, माहितीये? १९८४ चा मे महिना. इंग्लंडमधलं गेट्सहेड गाव. जेन स्नोबॉल नावाच्या ७२ वर्षांच्या आजी. घराबाहेर पडणं कठीण असलेल्या वृद्धांसाठी तिथल्या पालिकेने एक प्रयोग केला. आजींच्या घरच्या टीव्हीला टेलिफोनची तार जोडली, हातात रिमोट दिला. आजींनी बटणं दाबून टेस्कोकडून मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. माल घरी आला, पैसे दारात रोख दिले.

चारकोपचे प्लॉट पडायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. घरबसल्या किराणा ही कल्पना सुरू झाली तीच म्हाताऱ्या माणसांसाठी, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी. चाळीस वर्षांत तंत्रज्ञान कुठच्या कुठे गेलं, आणि ज्यांच्यासाठी निघालं होतं तेच बाहेर राहिले.

म्हातारी माणसं शिकत नाहीत असं कृपा करून म्हणू नका. चारकोप मार्केटमधली भाजीवाली मावशी बघा. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण पैसे जमा झाल्याचा डबा मराठीत बोलतो, "पन्नास रुपये प्राप्त झाले," आणि ती हातातली मेथी न सोडता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. कारण तो डबा बनवणाऱ्याने तिचे हात मोकळे नाहीत आणि डोळे भाजीवर आहेत, हे लक्षात घेतलं. लॉकडाउनमध्ये आमचे शेठ व्हॉट्सॲपवर आले तेव्हा काकूंनी काय केलं? कागदावर यादी लिहिली, फोटो काढला, पाठवला. शेठनी फोन केला, "काकू, सनफ्लॉवर संपलंय, शेंगदाण्याचं देऊ?" ते कुठलं ॲप शिकल्या होत्या? काहीच नाही. यादी त्यांना येतच होती.

गैरसोय की चलाखी?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करूया. एक साधी गैरसोय : अक्षरं बारीक, मराठी नावं नाहीत, पत्ता नकाशावर टाचणीने दाखवा. आपल्या सेक्टरात एकाच नंबरचा प्लॉट प्रत्येक सोसायटीत असतो, टाचणी बिचारी काय करणार! हे निष्काळजीपणातून होतं, सुधारता येतं.

दुसरी गोष्ट मुद्दाम केलेली. न मागितलेली वस्तू किंवा वर्गणी गुपचूप बिलात टाकणं. "फक्त दोन उरले" अशी खोटी घाई. नको म्हणायच्या बटणावर लाज वाटेल असं वाक्य. किंमत सुरुवातीला कमी दाखवून शेवटच्या पानावर थेंबाथेंबाने वाढवणं. याला "डार्क पॅटर्न" म्हणतात, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली आहे. म्हणजे ही दांडी मारणंच आहे, फक्त तराजू काचेचा झालाय.

आणखी दोन नियम लक्षात ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तुमच्या वतीने आधीच खूण करून ठेवलेला चौकोन ही तुमची संमती धरता येत नाही. आणि कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हा नंबर फ्रिजवर चिकटवा.

शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला किराण्याचा नव्हता. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या आणि अंध व्यक्तींना बँकेची ओळख-पडताळणी करता येत नव्हती, कारण यंत्र म्हणायचं डोळे मिचकावा. पण तत्त्व तेच : माणूस यंत्रात बसत नसेल तर बदलायचं यंत्राने.

भाषेचंही तसंच. २०२० च्या शेवटी मराठीच्या मागणीवरून ॲमेझॉनविरुद्ध मुंबईत आंदोलन पेटलं, तोडफोडही झाली. ती तोडफोड मला पटली नाही. पण २०२१ साली ॲमेझॉनवर मराठी आलं, हेही खरं. म्हणजे करता येत होतं. मात्र बटणं मराठीत आली म्हणजे काम झालं असं नाही. "कार्टमध्ये जोडा" लिहिलं, पण वरी, कुळीथ, आमसूल, मटकी, तिरफळ, जाडे पोहे, भाजणी हे शब्द टाकल्यावर वस्तू सापडली पाहिजे. पाटी मराठी आणि डबे सगळे दुसऱ्याच नावाचे, असं दुकान काय कामाचं?

मग काय करायचं?

मी ॲपच्या विरोधात नाही. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला, तान्हं मूल कडेवर असलेल्या आईला, एकट्या राहणाऱ्या आजारी माणसाला ॲप म्हणजे आधार आहे. माझा मुद्दा एवढाच, की फळीपलीकडचा वाणी जे ओझं उचलायचा ते एक एक करून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आलं. आधी शोधायचं, मग वाहायचं, आता कंपनीच्या भाषेत विचारही आपणच करायचा. आणि नाही जमलं तर "मला येत नाही" म्हणत गप्प बसायचं. शिवाय लहान खरेदी महाग झाली. शेठकडे दहा रुपयांचं जिरं मिळायचं. ॲपवर दहा रुपयांच्या जिऱ्यावर किती रुपये चढतात ते बघा. रोजावर कमावणाऱ्याला हा दंडच आहे.

कंपन्यांकडे मागण्या फार नाहीत. वस्तूला मराठी नाव, पर्यायी नावांसकट. सगळे आकार धरून बिल पहिल्या पानापासून दिसावं. हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो किंवा बोललेली यादी चालावी. अडलं तर माणसाशी बोलता येईल असा एक फोन नंबर. बस.

आणि आपण? ग्राहक पंचायतीचा धडा आहेच. सोसायटीतल्या पाच-सहा घरांची एकच यादी, एका तरुण पोराकडे फोन, मोठी ऑर्डर म्हणून वरचे आकार कमी, आणि आजीला विचारायला माणूस. किंवा त्याहून सोपं : जे किराणा दुकान अजून उघडं आहे त्याला व्हॉट्सॲपवर आणा आणि निदान अर्धा किराणा तिथून घ्या. दुकान बंद झाल्यावर हळहळून उपयोग नसतो, मी स्वतः शेठचं शेवटचं वर्षभर फक्त सुट्टे पैसे मागायला जात होतो. त्यात माझाही हात आहे.

काकूंची एकादशी झाली. वरी मी दुकानातून आणून दिली, दोन सेक्टर सोडून. पण पुढच्या महिन्यात त्यांना कोणाच्या दारात न जाता ती मागवता आली पाहिजे.

म्हणून एक काम करूया. तुमच्या घरातला असा शब्द कॉमेंटमध्ये लिहा जो ॲपवर टाकल्यावर वस्तू सापडली नाही. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, खानदेशी, गुजराती, कुठलाही. सोबत वस्तू कुठल्या नावाने निघाली तेही लिहा. पंधरा दिवसांनी सगळे शब्द एकत्र करून मी ही यादी त्या त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवणार, आणि ४८ तासांत पोच येते का ते इथेच कळवणार.

पहिला शब्द काकूंचा : वरी.